गुडघ्याच्या दवाखान्यात पोटाची चौकशी

दवाखान्यातले किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. माळरानातून चालून आलं की साडीच्या काठाला कुसळं लागतात ना, तसे ते लागतात. तेव्हा कळत नाही. घरी येऊन जरा टेकलं की दिसतं, अरेच्चा, हाही चिकटलाय की! मग एक काढायला जावं तर शेजारी आणखी चार.

मी सोलापुरात सांध्यांची डॉक्टर आहे. हाडांची नव्हे, सांध्यांची. हाड मोडलं तर माझ्याकडे यायचं नाही. काही लागलं नाही, पडलं नाही, तरी गुडघा टरारून सुजला, सकाळी उठताना अंगाचं लाकूड झालं, तर यायचं. माझ्या केबिनसमोर श्रीनिवासची केबिन. तो पोटाचा डॉक्टर, माझा शाळेपासूनचा मित्र. मध्ये एक पॅसेज, आणि पॅसेजच्या तोंडाशी रिसेप्शनला मंगळवेढ्याच्या सुरेखाताई.

आता गुडघा आणि पोट यांचं काय नातं, असं तुम्हीही विचाराल. सगळेच विचारतात. आतड्याला आतून सूज येऊन जखमा होतात असा एक चिवट आजार आहे. आम्ही त्याला आयबीडी म्हणतो. संरक्षणासाठी असलेली शरीराची स्वतःचीच फौज उलटून आतड्यावर चालून जाते. आणि बऱ्याच जणांत ती तिथंच थांबत नाही. सांध्यांवरही येते. कधी आधी पोट बिघडतं, कधी आधी गुडघा. म्हणून माझे पेशंट पॅसेज ओलांडून श्रीनिवासकडे आणि त्याचे माझ्याकडे, अशी दिवसभर ये-जा चालू असते.

*

सुरुवात नरसय्यापासून करते. टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करणारा माणूस. उजवा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. मी गुडघा तपासला आणि विचारलं, "पोट कसं आहे?"

"बरं आहे."

"शौचाला पातळ होतं का? रक्त पडतं का?"

नरसय्या माझ्याकडे बघतच राहिला. मग लंगडत उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, गेला हा! तर हा दारावरची पाटी वाचत होता. पाटी वाचून समाधान झालं नाही म्हणून सुरेखाताईंना विचारलं, "हे गुडघ्याचंच डॉक्टर ना?"

कसाबसा परत आला. पोटाविषयी मात्र चकार शब्द काढेना. शेवटी मी श्रीनिवासला हाक मारली. श्रीनिवासचं घराणंही विणकरांचं, घरात तेलुगू. तो नरसय्याच्या शेजारी स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, "कडुपु एट्ला उंदि?" म्हणजे, पोट कसं आहे? मी विचारला होता तोच प्रश्न!

पण आईच्या भाषेत विचारल्यावर नरसय्याचा बांध फुटला. कितीतरी महिने रक्त पडत होतं. मागाच्या खोलीतली उष्णता बाधली असं समजून तो सब्जा पीत होता. बायकोलाही सांगितलं नव्हतं. दुर्बिणीने तपासलं तर मोठं आतडं आतून लालभडक. त्यावर औषध सुरू केलं आणि पोटाबरोबर गुडघाही उतरत गेला.

तेव्हापासून सुरेखाताई प्रत्येक नव्या पेशंटला आधीच सांगून ठेवतात, "घाबरू नका. मॅडम गुडघ्याच्याच हायत. पर पोटावरनं जातात!"

*

केम गावच्या पारूबाई सुनेला घेऊन आल्या. सून अश्विनी, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. खुर्चीत सून बसली, पण बोलत होत्या सासूबाईच.

"हिला काय बी झालं न्हाय मॅडम. नाटकं हायत. सकाळी उठवत न्हाय म्हनती, पाठ धरली म्हनती. भिंतीला धरून चालती म्हातारीवानी. आन् दुपारी बघावं तर खुरपं घिऊन सगळ्या बायकांच्या पुढं! जरा बसली की परत आखडती. काम केलं की बरी! मला सांगा, काम केल्यावर बरा हुनारा आजार कुटं आसतोय व्हय?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं. "असतो मावशी. अगदी असाच असतो."

साधी पाठदुखी काम केल्यावर वाढते आणि विश्रांती घेतली की थांबते. सुजेची पाठदुखी बरोबर उलटी. झोपून उठल्यावर जास्त, हालचाल केली की कमी. मी पुस्तकात वाचलेलं सगळं पारूबाई तक्रार म्हणून सांगत होत्या!

त्यांना सुरेखाताईंबरोबर बीपी मोजायला बाहेर पाठवलं आणि दार लावलं. अश्विनीने आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, पोट पण... पहाटेच जावं लागतं. कळ येती. रक्त जातं. घरात कसं सांगायचं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दिवाळीनंतर तिला माहेरी नेऊन सोडायचं घरात ठरलं होतं. 'नीट हू दे, मग बघू' असं म्हणून. अशी सोडलेली मुलगी परत कधी येते हे तिला आणि मला, दोघींनाही माहीत होतं.

एमआरआय केला, श्रीनिवासने दुर्बीण घातली. कंबरेच्या खालच्या सांध्यांत सूज, आतड्यात जखमा. मी पारूबाईंना समोर बसवून सगळे फोटो दाखवले. त्यांनी एकेक फोटो जवळ घेऊन पाहिला. मग सुनेच्या डोक्यावरचा पदर उगाचच सारखा केला आणि मला म्हणाल्या, "औषध लिवा. आन् ते व्यायामाचं काय म्हनला, ते मला बी दावा. मी करून घेते हिच्याकडनं."

अश्विनी माहेरी गेली ती फक्त भाऊबीजेला, आणि दोन दिवसांत परत आली.

पुढच्या तपासणीला पारूबाई आल्या तेव्हा गावातली आणखी एक सासू-सून बरोबर. "मॅडम, हिची सून बी सकाळी उठत न्हाय. जरा बघा की."

मी नीट तपासलं. पाठ मोकळी, पोट ठणठणीत, रक्त उत्तम. "मावशी, हिला तर काहीच नाही."

पारूबाई आपल्या मैत्रिणीकडे वळून काही बोलणार, तेवढ्यात ती मुलगीच फिस्सकन हसली. "मी आदीच सांगत हुते ओ मॅडम! मला नुसती झोप येती!"

*

हणमंत एसटीत कंडक्टर. सोलापूर-मंगळवेढा फेरी. पोटाचा आजार असलेल्या माणसाने करू नये अशी जी कामं असतील, त्यात कंडक्टरकी पहिली. बस भरलेली, माणूस मधोमध अडकलेला, आणि पोटात कळ आली की थांब म्हणून थांबत नाही. त्यात त्याचे दोन्ही घोटे सुजायचे. दिवसभर उभं राहायचं काम! डेपोत कळलं तर घरी बसवतील या भीतीने त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

एकट्या गफूरभाईंना माहीत होतं. ते ड्रायव्हर. बरीच वर्षं दोघांची जोडी. हणमंतने मागून घंटी एका विशिष्ट तऱ्हेने वाजवली की गफूरभाई ओळखायचे. रस्त्यात एक चहाचं हॉटेल होतं, त्याच्यामागे बऱ्यापैकी संडास. गफूरभाई तिथं गाडी लावायचे आणि मोठ्याने ओरडायचे, "चला, चहा घ्या रे जरा!"

प्रवासी वैतागायचे. "ह्या ड्रायव्हरला चहाशिवाय गाडीच चालवता येत न्हाय!" गफूरभाई ऐकून घ्यायचे. वर चहाही प्यायचे. मला हणमंतने हे सांगितलं तेव्हा गफूरभाई शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "तुम्हाला एवढा चहा आवडतो?"

"मला ॲसिडिटी आहे मॅडम," ते म्हणाले. "चहा चालतच नाही."

हणमंतचं औषध लागू पडायला वेळ लागला. पण पडलं. आधी पोट शांत झालं, मग घोटे उतरले. काही महिन्यांनी दोघंही आले, हणमंत चांगला अंगाने भरलेला. मी म्हटलं, "मग, आता गाडी वेळेवर जात असेल!"

"गाडी वेळेवर जाते," हणमंत म्हणाला, "पण परवा त्या हॉटेलवाल्याने रस्त्यात उभं राहून हात दाखवला. आम्हाला वाटलं प्रवासी आहे, थांबवली. तर तो खिडकीशी येऊन गफूरभाईंना हात जोडून म्हणतो, 'भाई, काय चुकलं आमचं? चहा बिघडला का?'"

*

आमच्याकडच्या पेशंटांची एक ठरलेली चूक म्हणजे दुखण्याची गोळी. गुडघा दुखला की मेडिकलमधून आणायची आणि गिळायची. बाकीच्यांचं फार बिघडत नाही, पण आतड्याला सूज असलेल्या माणसाला तीच गोळी भडका उडवू शकते.

बिरा मेंढपाळ असाच. मंगळवेढ्याच्या पलीकडचा. मेंढरांमागे चालणं हाच धंदा, म्हणून गुडघा दुखून चालणारच नव्हतं. गोळी खाल्ली की चालायला यायचं, पण पोटातून रक्त सुरू. मग पोटाचं औषध आणायचं, गोळी बंद करायची. की गुडघा सुजला! गुडघ्याचा डॉक्टर एका गावात, पोटाचा दुसऱ्या. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही.

हे सगळं बिराने सांगितलं नाही, त्याच्या बायकोने सांगितलं. तिचं नाव हिराबाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज मोकळ्या रानातला.

"मॅडम, ह्यांचं पोट आन् गुडगा म्हंजी जावा-जावा हायत. एकीला लुगडं घेतलं की दुसरी रुसली! दुसरीला समजवावं तर पयली चूल पेटवंना! आन् ह्यो मानूस मधल्यामधी वाळाय लागलाय."

मी श्रीनिवासला बोलावून घेतलं आणि तिला परत एकदा तेच सांगायला लावलं. मेडिकल कॉलेजात एवढ्या सोप्या शब्दांत आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

दुखण्याची गोळी बंद केली. मग दोघांनी मिळून असं औषध निवडलं की पोटालाही चालेल आणि गुडघ्यालाही. मी हिराबाईला समजावलं, "आता दोन ठिकाणची दोन औषधं नाहीत. एकच. दोघींनाही तेच बघणार."

हिराबाईने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

"म्हंजी ह्या दोगी जावांवर तुमी सासू आनली म्हना की!"

*

कोरेबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं आतडं श्रीनिवासकडे, घोटा माझ्याकडे. एका सोमवारी डोळा लालबुंद घेऊन आल्या. मी बघितल्या बघितल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, कारण या आजारात डोळ्याच्या आतही सूज येते आणि उशीर झाला तर नजरेवर बेतू शकतं. बाई मात्र ऐकेनात. "धूळ गेली असेल. किती घाबरवता!"

"बाई, पोटाच्या आजारामुळेच आहे हे. आजच्या आज दाखवायचं."

बाईंनी त्या एका डोळ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आयुष्यभर गृहपाठ न केलेल्या मुलांकडे पाहिलं असेल.

"घोटा सुजला, पोटामुळे. नडगीवर गाठी आल्या, पोटामुळे. आता डोळा लाल, तोही पोटामुळे. उद्या म्हणाल, जावई असा निघाला तोही पोटामुळेच!"

पण गेल्या. वेळेत गेल्या म्हणून डोळा वाचला. जावयाबद्दल मी अजून काही विचारलेलं नाही.

*

हा किस्सा सांगताना सुरुवातीला हसू येत नाही.

रफीकभाई टेलर. पँट शिवावी तर त्यांनीच. गुडघे आणि मनगटं दुखायला लागली तेव्हा कुणीतरी पुड्या आणून दिल्या. 'जडीबुटी आहे, एकदम शुद्ध.' पहिल्याच पुडीला दुखणं गायब! पोटाचा जुना त्रास होता, तोही थांबला. आठवड्याभरात माणूस मशिनवर. चेहरा गोल गरगरीत झाला, गालावर तेज आलं. घरचे खूश. रफीकभाईंची बीवी शमीमआपा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "देखो, कित्ते अच्छे दिखरे!"

पुडीत काय असावं हे कुठल्याही डॉक्टरला चेहरा बघूनच कळलं असतं. स्टिरॉइड. तेच औषध आम्हीही देतो, पण मोजून, थोड्या दिवसांसाठी, हळूहळू कमी करत. इथं ते मोजमापाशिवाय महिनोन् महिने चाललं होतं. आणि मग पुड्या देणारा माणूस एक दिवस दिसेनासा झाला.

पुड्या एकदम बंद पडल्या आणि रफीकभाई कोसळले. उलट्या, बीपी खाली, सांधे सुजलेले, पोटातून रक्त. दवाखान्यात आणलं तेव्हा हात थंड पडले होते. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचंच विसरून गेलं होतं. श्रीनिवास आणि मी, दोघंही त्यांच्या खाटेपासून हललो नाही. शमीमआपा भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मला एकदाच विचारलं, "मैंच खिलाई ना मॅडम, अपने हात से?" मी म्हटलं, "तुम्ही त्यांना बरं करायला दिली. दोष पुडीत काय आहे ते न सांगणाऱ्याचा."

रफीकभाई वाचले. पुढे बरेच दिवस औषध थेंबाथेंबाने कमी करत आणलं. मग इंजेक्शन द्यायचं ठरलं. त्याआधी अंगात कुठं टीबी दडलेला नाही ना हे तपासावं लागतं, कारण हे इंजेक्शन शरीराच्या फौजेला आवर घालतं आणि दडलेला टीबी तेवढीच संधी साधतो. तेही पार पडलं. हळूहळू सूज उतरली, सांधे मोकळे झाले, आणि त्याबरोबर तो गोल चेहराही उतरला. मूळचा चेहरा दिसायला लागला. उभट, गालफडं वर आलेला.

शमीमआपांना ते काही पटेना. तपासणीला आल्यावर त्यांनी तक्रार केलीच. "मॅडम, पैले मूं कैसा भरा भरा था! तुमारी दवा से तो पूरे सूक गए."

रफीकभाई शर्टाची बाही नीट करत होते. बायकोकडे न बघताच म्हणाले, "अगे, वो मूं पुडी का था. ये मेरा है!"

*

आणि आता ऋतुजा.

वेळापूरची पोर, अकरावीत शिकणारी, खो-खोची खेळाडू. वडील रिक्षा चालवायचे. बरोबर तिचे खो-खोचे सरही आले होते. आधी उजवा गुडघा सुजला, तो उतरला तर डावा. कुणीतरी लिगामेंट म्हणालं होतं, ऑपरेशनचीही भाषा झाली होती. पण पडल्याचं, लचकल्याचं निमित्त एकदाही नव्हतं.

सर म्हणाले, "मॅडम, पोरगी विजेसारखी आहे. खांबाला वळसा घालते तेव्हा समोरच्याला कळत नाही कुठून गेली. पण मनाने कच्ची. मॅच आली की घाबरते. सारखी बाथरूमला पळते. आता मोठ्या मॅचला हिला घ्यायचं म्हणजे..."

ऋतुजा स्वतःच्या पायांकडे बघत होती. मी सरांना आणि वडिलांना बाहेर बसायला सांगितलं.

दार लागलं तशी ती म्हणाली, "मॅडम, मी घाबरत न्हाय."

"मग बाथरूमला?"

"पोटात कळ येती. थांबवता येत न्हाय. मॅच नसली तरी येती. मॅचच्या दिवशी सगळ्यांना दिसतं, एवढंच."

"मग मॅच कशी खेळतेस?"

"आदल्या दिवसापासून जेवत न्हाय. पोटात काय नसलं की जावं लागत न्हाय."

उपाशीपोटी, सुजलेल्या गुडघ्यांवर ही मुलगी चौकोनात दबा धरून बसत होती आणि खो मिळाला की उठून धावत होती. आणि सगळे तिला भित्री म्हणत होते!

श्रीनिवासकडे नेलं. आतड्यात जखमाच जखमा. आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न आजाराबद्दल नव्हताच. "खेळू नको म्हणणार का?"

"नाही," मी म्हटलं. "पण उपाशी खेळायचं नाही. हे कबूल असेल तरच."

वडिलांना सगळं समजावलं. सरांनाही. सर उठून ऋतुजासमोर उभे राहिले. "पोरी, मला सांगायचंस की गं," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

पुढचं सोपं नव्हतं. पहिलं औषध पुरं पडलं नाही. मग इंजेक्शनं सुरू केली. तो सगळा मोसम हुकला. मैत्रिणी मैदानात आणि ही कडेला पाण्याच्या बाटल्या धरून बसायची. एकदा दवाखान्यात येऊन माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडली. श्रीनिवास म्हणाला, "रडून घे. पण केळं खाऊन रड." रडता रडता तिला हसू आलं.

मग हळूहळू गुडघे उतरले. पोट शांत झालं. वजन वाढलं. आधी नुसतं चालणं, मग पळणं, मग सराव. आणि एक दिवस तिच्या वडिलांचा फोन, "मॅडम, रविवारी मॅच हाय. पोरीनं सांगितलंय, दोघा डॉक्टरांना आणा."

आम्ही गेलो. मैदानाभोवती हा गर्दीचा वेढा. ऋतुजाच्या वडिलांनी आम्हाला पुढच्या सतरंजीवर बसवलं. मॅच अटीतटीची. पहिल्या डावात ऋतुजाने खांबाजवळ असा सूर मारला की आमच्या मागे बसलेल्या आजोबांनी टोपी उडवली. श्रीनिवास, जो आयुष्यात कधी पळत गेला नाही, तो उभा राहून ओरडत होता.

डाव संपला. मध्ये थोडी विश्रांती. बाकीच्या मुली गोल करून बसल्या, आणि ऋतुजा एकदम उठली. दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले आणि पळत सुटली. सरळ मैदानाबाहेर, शाळेच्या बाथरूमकडे.

तिचे वडील अर्धे उठले आणि तसेच खाली बसले. सरांनी लांबून आमच्याकडे बघितलं. श्रीनिवासच्या हातात पाण्याची बाटली होती, ती त्याने उघडली आणि न पिताच परत झाकण लावलं. "काल जेवली होती का?" त्याने वडिलांना हळूच विचारलं.

"दोन भाकरी खाल्ल्या की ओ साहेब. माझ्या म्होरंच."

माझ्या डोक्यात सगळं फिरायला लागलं. इंजेक्शनची तारीख चुकली का? औषध लागू पडेनासं झालं का? पुन्हा तपासणी, पुन्हा पहिल्यापासून सगळं? पंचांनी शिट्टी वाजवली. मुली चौकोनात बसायला लागल्या. ऋतुजाची जागा रिकामी. सरांनी राखीव मुलीला हाक मारली. ती उठून उभीही राहिली.

आणि तेवढ्यात बाथरूमच्या बाजूने ऋतुजा आली. धावत. सरांच्या कानात काहीतरी बोलली, सर काय ते समजून बाजूला झाले, आणि ती आपल्या चौकोनात जाऊन बसली. पुढचा डाव मी श्वास रोखून बघितला. ती अशी खेळली की काय सांगू! शेवटचा गडी तिनेच टिपला. मैदानात नुसता धुरळा. मुलींनी तिला उचलून घेतलं.

आम्ही गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचलो. केसात माती, कोपर खरचटलेलं, चेहरा लाल. वडील मागेच उभे. मी तिला जवळ घेतलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "पोटात कळ आली होती का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग श्रीनिवासकडे. मग वडिलांकडे. आम्हा तिघांचे चेहरे बघून तिला कळेचना काय झालंय. आणि कळलं तशी ती लाजून कानापर्यंत लाल झाली.

"न्हाय ओ मॅडम! पँटची नाडी तुटली हुती!"